खालची बाई

नाही नाही, मिटू नका, उघडं ठेवा — अजून थोडं — हां, असं. तर ते तुम्ही लिहिलंत. तुम्ही! फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'लेखक' वाचलं तेव्हा मला वाटलं, कादंबऱ्या-बिदंबऱ्या असतील, म्हणून आपलं सहज विचारलं, काय लिहिता, तर म्हणालात व्हिडिओ गेमच्या गोष्टी. बरं, कुठला गेम, तर 'निर्वात' — आणि तेही इतक्या हळू, की चोरी कबूल करताय असं वाटलं मला. आणि नेमकं तेव्हाच मी इंजेक्शन टोचलं. मुद्दाम नाही हो, टोचायचंच होतं. हात नेहमीपेक्षा जरा जड पडला असेल, ते नाकारत नाही. आता ओठ जड झालाय का? झाला ना? मग आता तुम्ही पाऊण तास माझे. रूट कॅनाल आहे, घाई करून चालत नाही, आणि घाई न करणं तुम्हाला काय नवीन — दुखलं तर डावा हात वर करायचा. फक्त दुखलं तरच. मत मांडायला नाही.

सिस्टर, ती नळी जरा गालाकडे घ्या.

आमच्या सिस्टरना गेममधलं काही कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सांगते — तुम्ही ऐका, चुकलं तर चुकू द्या. एक अवकाश स्टेशन. खाली बर्फाचा ग्रह. स्टेशनवर एकच माणूस, दुरुस्तीवाला. त्याचं काम काय, तर फेरी मारायची, झडपा बघायच्या, पट्ट्या आवळायच्या, लिहून ठेवायचं. पहिले चार तास, सिस्टर, चार तास — हा माणूस पट्ट्या आवळतो. चौदा पट्ट्या. प्रत्येकीला तीन बोल्ट. मी मोजलेत, कारण मीच आवळलेत. एकही राक्षस नाही, बंदूक नाही, साधं कुणी धावत येत नाही. नाव 'निर्वात' — म्हणजे आत काही नाही हे तुम्ही खोक्यावरच छापलं होतं, आमचंच चुकलं. मग पाचव्या तासाला कुठे एक पडदा उजळतो आणि खालून, ग्रहावरून, एक निरोप येतो. कुणीतरी बाई. खालच्या केंद्रात तीही एकटीच. 'वर कुणी आहे का?' एवढंच. आणि तुम्हाला तीन उत्तरांतून एक निवडायचं असतं. झालं, हा गेम. वर एकजण, खाली एकजण, मध्ये अक्षरं — तीही इतकी बारीक, की चष्मेवाल्यांशी तुमची भागीदारी असावी. आवाज का नाही दिलात तिला? द्यायचा होता. बरं झालं म्हणा एका अर्थी नाही दिलात, पण ते पुढे.

मी काय गेम खेळणारी दिसते का? बावन्न वर्षांची आहे. मशीन मुलाचं. तो शिकायला गेला दुसऱ्या शहरात, जाताना ते हॉलमध्येच ठेवून गेला, वर तुमची डिस्क. म्हणाला, आई, हा खेळून बघ, तुला आवडेल, तुझ्यासारखाच आहे, सावकाश. पोटचा मुलगा असं बोलतो. नवरा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. म्हणजे घरात उरलो कोण, तर मी आणि माझे सासरे. आणि आम्ही दोघं त्या काळात बोलत नव्हतो. भांडण वगैरे नाही हं — भांडण असतं तर बरं, काहीतरी तोंडातून निघतं. चहा झालाय, औषध घेतलंत का, दार लावून घ्या, यापलीकडे शब्द नाही. सासूबाई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

थोडं पाणी मारते. गार लागेल.

सासरे म्हणजे, बाबा म्हणते मी त्यांना, लिफ्ट मेकॅनिक. छत्तीस वर्षं. इमारतीच्या डोक्यावर ती मशीनची खोली असते ना, तिथे आयुष्य गेलं त्यांचं, आणि लिफ्टच्या विहिरीत. आता हात थरथरतात, डोळ्यांच्या मध्यभागी धूसर दिसतं, कडेकडेचं दिसतं. दवाखाना एक ते पाच बंद असतो, मी घरी जेवायला जाते, आणि त्या रिकाम्या घरात आम्ही दोघं जेवून समोरासमोर बसायचो, दोन खुर्च्यांत, दोन अनोळखी माणसं स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावीत तशी. एक दिवस मला ते सहन होईना, म्हणून मी उठून ते मशीन लावलं. काहीतरी हलतंय समोर, एवढंच हवं होतं मला. तर समोर हलेनाच काही! तुमची कृपा. मी आपली पट्ट्या आवळतेय, आवळतेय, डोळा लागला माझा — खरंच लागला, हातात ते रिमोट — आणि मागून आवाज आला, तिसरा राहिला. मी दचकले. काय राहिलं? बोल्ट, म्हणाले, पट्टी सहावी, तिसरा बोल्ट, तू दोनच आवळलेस.

चार महिन्यांतलं सगळ्यात मोठं वाक्य होतं ते.

तिथून सुरू झालं. दुपारी दोन ते चार. मी रिमोट चालवायची, ते सांगायचे, आणि निरोप आला की मी मोठ्यानं वाचायची, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. तुमचा तो दुरुस्तीवाला त्यांना पसंत पडला. काम येणारा माणूस आहे म्हणाले, उगीच धावत नाही. दाब तपासल्याशिवाय दार उघडू द्यायचे नाहीत मला — गेममध्ये तशी काही सोयच नाही, दार बटण दाबलं की उघडतं — तरी मी काटा दिसेपर्यंत दारासमोर उभी राहायची, ते 'हं' म्हणायचे, मग दाबायची. तुमच्या चुकांची यादी काढलीय त्यांनी. एकतीस चुका. केबल कधी अशी उघडी सोडत नाहीत, हा पाना त्या बोल्टला बसणारच नाही, आणि आपत्कालीन शिडी दाराच्या मागे लावणारा माणूस कोण आहे त्याला माझ्यासमोर आणा म्हणाले. हात खाली घ्या. दुखत नाहीये तुम्हाला. मी बघतेय, दुखत नाहीये.

आणि ती बाई — खालची बाई म्हणायचो आम्ही तिला. तीन उत्तरं मी वाचून दाखवायची, बाबा निवडायचे. आधी आधी कसं, एखाद्या ग्राहकाला सांगावं तसं — 'काम चालू आहे', 'तपासून कळवतो'. मग हळूहळू बदललं. एकदा तिनं विचारलं, तुला तिथे एकटं वाटत नाही का? तीन उत्तरं होती, मी वाचली, आणि बाबा म्हणाले, यातलं एकही नको, तिला सांग, वाटतं, पण कुणाला सांगायची सवय नाही. मी म्हटलं, बाबा, असं नाही सांगता येत, यातलंच एक निवडावं लागतं. तर म्हणाले, मग जवळचं निवड. मी जवळचं निवडलं. त्या दिवशी दवाखान्यात येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की एका आजोबांची पक्की दाढ मी एका झटक्यात काढली.

मला वाटतंय, मी फार सांगतेय. पण तुम्ही काही मध्येच उठून जाणार नाही. सिस्टर, मूळ खरवडायची ती छोटी फाइल द्या. याहून बारीक.

मग आला तुमचा सातवा भाग. तिथे तुम्ही मला रागावायला भाग पाडलंत. फेरीच्या मध्ये पॅनेलवर एक पिवळा दिवा लागतो. खालच्या केंद्राचा. आणि तुम्ही तीन पर्याय देता — 'नंतर बघू', 'फेरी संपल्यावर', 'उद्या'. तिन्ही तेच! आता बघतो असं म्हणताच येत नाही. माणसाला चूक करायला लावायची आणि वर निवड तुझी होती म्हणायचं, ही कुठली पद्धत? मी वाचून दाखवले. बाबा खुर्चीवरून उठले आणि आत गेले. आठ दिवस खेळले नाहीत. पुन्हा चहा झालाय, औषध घेतलंत का, दार लावून घ्या. आणि मला वाटलं — मला माहीतच होतं ते का. मला वाटलं, तो दिवा बघून त्यांना मी आठवले.

नवव्या दिवशी स्वतःच येऊन बसले. म्हणाले, चल, ती बाई गप्प झालीय, बघायला पाहिजे. आणि खरंच गप्प झाली होती. तीन भाग एक निरोप नाही. आम्ही सगळं स्टेशन उलथंपालथं केलं, ते अँटेनाचं, ते बाहेर दोरीला लटकून काम — ते मात्र छान केलंय तुम्ही, तिथे मी श्वास रोखून होते. बाबा सांगायचे, घाई नको, एक हात नेहमी दोरीवर. सगळं कशासाठी, तर खालची बाई जिवंत आहे का ते कळावं म्हणून. बेचाळीस तास, साहेब. दुपारी दोन-दोन तास करून बेचाळीस तास. जवळजवळ महिनाभर जेवणाची भांडी तशीच ठेवून.

आणि मग एका गुरुवारी बाबांना शेजाऱ्यांनी डोळ्यांच्या तपासणीला नेलं. मी एकटी घरी. मला राहवेना. कळावं तरी, पुढे एवढं काय आहे, त्यांना झेपेल का. जिथवर पोचलो होतो ती आमची जागा मी मशीनमध्ये जपून ठेवली आणि स्वतःच पुढे खेळले, शेवटपर्यंत. शेवटचं दार उघडलं, पडदा उजळला. दोन ओळी. आठवतात? तुम्हीच लिहिल्यात. 'सराव पूर्ण. निकाल : उत्तीर्ण.' आणि खाली बारीक अक्षरात, की खालचं केंद्र अस्तित्वातच नव्हतं, ही प्रशिक्षणाची चाचणी होती, सहभागाबद्दल आभार.

आभार.

आता कळलं ना, सिस्टर, मी का रागावलेय? कुणी नव्हतंच खाली. बाई नाही, निरोप नाही, काही नाही. सगळं खोटं. एवढ्या सावकाश तुम्ही आम्हाला त्या दारापर्यंत आणलंत, धीर धरायला शिकवलंत, आणि दारामागे परीक्षेचा निकाल? मी दवाखाना पाऊण तास उशिरा उघडला त्या दिवशी, बाहेर एक बाई गाल सुजवून बसली होती. लोकांनी म्हणे इंटरनेटवर तुम्हाला शिव्या दिल्या, शेवट फसलाय म्हणून. वाचलंत का ते? वाचलं असणार, डोळे सांगतात. मला तसलं काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं वेगळंय. दिवा लागला होता. त्या माणसानं तो पाहिला होता. पाहून म्हणाला, नंतर. आणि तुम्ही त्याला म्हणता, जाऊ दे, कुणाचं काही बिघडलं नाही, तू पास. मग त्यानं त्याचं काय करायचं? खाली कुणी नसेल तर तो सॉरी कुणाला म्हणेल?

हलू नका. मुळाशी आहे मी.

तर मी ठरवलं. रविवारी दुपारी आम्ही बसलो. दार उघडलं, पडदा उजळला, बाबा पुढे सरकून बसले, हात दोन्ही गुडघ्यांवर. आणि मी वाचायला लागले. पडद्यावर नाही ते. निरोप आलाय बाबा, म्हटलं, खालच्या बाईचा. आणि वाचलं. की मी आहे. इथे थंडी आहे पण मी ठीक आहे. तुझ्या फेऱ्या मला इथून दिसायच्या, चांदणीसारखं स्टेशन सरकायचं, मी रोज बघायचे. बरं जमत होतं हो मला, तुमच्याइतकं नसेल, पण बरं. बाबांचा चेहरा असा सैल पडत गेला. मग वाटलं, त्या दिव्याचं काहीतरी म्हणायला हवं, त्याशिवाय ते पुरं कसं होईल. म्हणून मी वाचलं, दिवा लागला तेव्हा मी तुला सांगितलं होतं. तू बघितलंस. तुला घाई होती, बाहेर तुझी माणसं खोळंबली होती, तू म्हणालास, सोमवारी बघू —

आणि मी थांबले.

बाबा म्हणाले, "स्टेशनवर सोमवार असतो का गं?"

... सिस्टर, जरा तो दिवा खाली करा. डोळ्यांवर येतोय. त्यांच्या नाही, माझ्या.

आता सांगून टाकते, अर्धवट ठेवलं तर तुम्ही रात्रभर विचार करत बसाल, लेखक माणूस. सासूबाई शनिवारी सकाळी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला म्हणाल्या, अगं, डावीकडे खालचा जबडा ओढल्यासारखा होतोय बघ. मी निघाले होते, खांद्याला पर्स. मोबाईलचा उजेड पाडला तोंडात, जुनं फिलिंग दिसलं, म्हटलं, त्याच्याखाली कीड असेल, सोमवारी या दवाखान्यात, निवांत बघू. रविवारी दुपारी त्या गेल्या. हार्ट. जबडा दुखतो त्यात कधी कधी, डावा. आमच्या पुस्तकात आहे ते. परीक्षेत आलं होतं मला, मी बरोबर लिहिलं होतं. पास झालेय मी त्यात. म्हणून मला तुमचा तो निकाल — असो.

चार महिने मी त्या घरात वावरत होते आणि बाबा बोलत नव्हते, आणि मला वाटत होतं, बरोबर आहे, माझ्याशी का बोलावं त्यांनी. आणि आता मी त्या पडद्यासमोर रिमोट धरून बसलेय आणि तोंडातून सोमवार निघून गेलाय. ते म्हणाले, पुढे वाच. मी म्हटलं, पुढे काही नाही लिहिलेलं. खरं म्हणजे मागेही काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना कडेकडेचं दिसतं, ओळी दोनच आहेत हे त्यांना आधीपासून दिसत असणार. म्हणाले, "मग मी सांगतो."

आणि सांगितलं. रविवारी सकाळी त्या त्यांनाही म्हणाल्या होत्या. जबडा दुखतोय, आणि आता डावा हातही जड वाटतोय. हात जड झाल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "छत्तीस वर्षं मी पिवळा दिवा बघून लिफ्ट बंद केलीय. माणसं खाली ओरडायची, तरी चालू करायचो नाही. आणि घरातला दिवा लागला तेव्हा म्हटलं, घरात डॉक्टर आहे, उद्या दवाखान्यात बघणारच आहे. आणि रेडिओ ऐकत बसलो." मी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्याशी काय बोलणार होतो? तोंड नव्हतं मला."

म्हणजे बघा. चार महिने मी समजत होते ते मला दोष देतायत, आणि ते समजत होते — जाऊ दे. आम्ही दोघं रडलो, असं वाटत असेल तुम्हाला. नाही. मशीन थोड्या वेळानं आपोआप बंद पडलं, मग ते म्हणाले चहा टाक, मी टाकला, आणि चहा पिता पिता त्यांनी सासूबाईंचं एकेक सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या आधी त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि यांनीच काढलं होतं म्हणे. पंचवीस वर्षं सून आहे मी त्या घरात, मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळ झाली तरी बोलत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला फोन करून त्यालाही सांगितलं, ते जबड्याचं, हाताचं, सगळं. मी शेजारी उभी होते. तेवढी हिंमत मला झाली नसती.

आता? आता मजेत आहेत. पुन्हा पहिल्यापासून खेळतोय आम्ही. चौदा पट्ट्या. मुलगा सुट्टीला आला होता, म्हणाला, तुम्ही दोघं वेडे आहात, एवढा बोअर गेम दुसऱ्यांदा कोण खेळतं. खरा शेवट काय आहे तो त्यानंच आजोबांना सांगून टाकला, तर बाबा म्हणाले, लिहिणाऱ्याला ऐनवेळी घरून बोलावणं आलं असेल, काहीतरी लिहून उठला असेल बिचारा. आलं होतं का बोलावणं? ... हात वर नका करू, मान हलवा. नाही? मग काय झालं होतं? ... नको, आत्ता सांगता यायचं नाही तुम्हाला.

मूळ स्वच्छ झालंय. तात्पुरतं भरते, पक्कं पुढच्या आठवड्यात. हा कापूस चावून धरा. अहो, भूल असतानाही डोळ्यांत पाणी कसं — दुखलं का कुठे? नाही? मग पुसा. सिस्टर, टिश्यू द्या त्यांना. मी काही शेवट दुरुस्त करून मागत नाहीये तुमच्याकडे, दुसरा भाग लिहिताय म्हणालात मघाशी, तो कसा लिहायचा ते तुमचं तुम्ही बघा. शिडी मात्र दाराच्या मागे लावू नका, एवढं बाबांच्या वतीनं.

उठा सावकाश. गरगरलं तर दोन मिनिटं बसा. नाही, काही बोलू नका आता, भूल आहे, ओठ चावला जाईल आणि कळणारही नाही — अहो, नको म्हणतेय ना. दोन तास खायचं नाही, उजवीकडून तर दोन दिवस नाही. फोनवर बोला, पुढच्या वेळी बोला, आत्ता गप्प बसा आणि घरी जा. सिस्टर, पुढच्यांना आत घ्या.